नेमसर्व्हर बदलले, साइट आली, पण मेल बंद पडला

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात चादरी-टॉवेलचं दुकान आहे. डॉट कॉम डोमेन पाच वर्षांपूर्वी एका कंपनीकडून घेतलेलं, त्याच नावाचे ईमेल गुगल वर्कस्पेसवर. आता नवी वेबसाइट केली आणि तिच्यासाठी होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडून घेतलं. होस्टिंगवाल्याने सांगितलं म्हणून पुतण्याने परवा नेमसर्व्हर बदलले. तेव्हापासून काहींना नवी साइट दिसते, काहींना जुनी, आणि व्यापाऱ्यांचे मेल येणं जवळपास थांबलंय. होस्टिंगवाला म्हणतो, ४८ तास थांबा. थांबावं का?

साइटपुरतं थांबलात तर चालेल. मेलसाठी अजिबात थांबू नका. ४८ तासांनी मेल आपोआप सुरू होणार नाही. उलट आत्ता ज्या दोन-चार लोकांचे मेल पोचताहेत, त्यांचेही तोवर बंद होतील. हे असं का, ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

तुमच्याकडे आत्ता चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या चार वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. पहिली, डोमेनची नोंदणी: हे नाव अमुक माणसाचं, अमुक तारखेपर्यंत. दुसरी, त्या नावाची डीएनएस यादी: या नावाने वेबसाइट मागितली तर कुठे जायचं, मेल आला तर कुठे टाकायचा. तिसरी, होस्टिंग: जिथे साइटच्या फायली आणि डेटाबेस प्रत्यक्ष ठेवलेले असतात ते मशीन. आणि चौथी, मेलचा सर्व्हर, जो तुमच्या बाबतीत गुगलकडे आहे. बहुतेक कंपन्या या चारही गोष्टी एकाच पॅकेजात विकतात, त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं की ही एकच वस्तू आहे. घोटाळे बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीत होतात, कारण ती कोणी वेगळी विकत घेत नाही, ती नोंदणीबरोबर फुकट मिळते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

नेमसर्व्हर म्हणजे ही यादी ज्या मशीनवर असते ते मशीन. पाच वर्षं तुमची यादी डोमेनवाल्या कंपनीकडे होती. तिच्यात वेबसाइटची एक नोंद होती, गुगलच्या मेलची नोंद होती, गुगलने मालकी तपासायला दिलेली एक ओळ होती, आणखीही काही असेल. पुतण्याने नेमसर्व्हर बदलले तेव्हा ती यादी होस्टिंगवाल्याकडे उचलून गेली नाही. जुनी यादी जागच्या जागी राहिली आणि इंटरनेटला सांगण्यात आलं की यापुढे ती बघू नका, होस्टिंगवाल्याची बघा. होस्टिंगवाल्याची यादी त्यांच्या सीपॅनेलने (होस्टिंगचं खातं ज्या पानावरून चालवतात ते पॅनेल) खातं उघडताना आपली आपण तयार केलेली असते. त्या बिचाऱ्या पॅनेलला तुमच्या गुगलच्या मेलबद्दल काय ठाऊक? त्याने मेलची नोंदही स्वतःच्याच सर्व्हरच्या नावे टाकली. आता बाहेरचा मेल त्या सर्व्हरवर जातो, तिथे तुमच्या नावाची मेलपेटीच नाही, आणि सर्व्हर ५५० आकड्याचा नकार देऊन मेल पाठवणाऱ्याला परत करतो.

यात दोन फसवे भाग आहेत. तुमच्याच दुकानातले दोघे एकमेकांना मेल करतील तर तो जाईल, कारण तो गुगलच्या आतल्या आत फिरतो, यादी बघायला बाहेर पडत नाही. तुम्ही बाहेर पाठवलेला मेलही जाईल. त्यामुळे ‘आमचं तर चालू आहे, समोरच्याचाच प्रॉब्लेम असेल’ असं वाटत राहतं. दुसरं म्हणजे, मेलचा सर्व्हर नुसता बंद असता तर बरं झालं असतं. सर्व्हरने उत्तरच दिलं नाही तर पाठवणारा सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि मेल उशिरा का होईना मिळतो. इथे सर्व्हर सापडतो, चालू असतो आणि ठणकावून ‘असा माणूस इथे राहत नाही’ म्हणतो. मग कोणी पुन्हा प्रयत्न करत नाही. त्या दोन दिवसांतल्या ऑर्डरी ज्यांनी पाठवल्या, त्यांना फोन करून पुन्हा पाठवायला सांगा. मात्र त्याआधी सीपॅनेलमध्ये ‘डिफॉल्ट अ‍ॅड्रेस’ या ठिकाणी काय ठेवलंय ते बघा. काही सर्व्हरवर अनोळखी नावाचे मेल परत न करता खात्याच्या मूळ पेटीत टाकायची पद्धत असते. तुमचं नशीब असेल तर वेबमेल उघडल्यावर सगळे तिथे रांगेत बसलेले दिसतील.

आता दुरुस्ती. अनेक जण सांगतील की नेमसर्व्हर पुन्हा जुने करा. मी सांगणार नाही. परवा बदल झालाय, निम्म्या जगाने नवी यादी वाचलेली आहे. आता उलटं फिरवलं तर आणखी दोन दिवस हाच गोंधळ उलट दिशेने चालेल. त्यापेक्षा दोन्ही याद्या सारख्या करा. नव्या यादीत गुगलच्या मेलच्या नोंदी टाका, आणि जुन्या यादीत वेबसाइटचा पत्ता बदलून नव्या सर्व्हरचा करा. मग कोणीही कोणतीही यादी विचारली तरी उत्तर एकच मिळेल आणि कोण कुठे विचारतोय याची फिकीर उरणार नाही. काही कंपन्या नेमसर्व्हर बाहेर गेल्यावर जुनी यादी बदलू देत नाहीत, पडद्यावर नुसती फिकट दिसते. तसं असेल तर निदान नवी यादी आजच पुरी करा. आणि जुनी यादी दिसत असेल तर सगळ्यात आधी तिचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ती पुसली गेली तर त्यात काय काय होतं ते कोणालाच आठवत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे.

नोंदी कोणत्या, ते सांगतो. ‘ए’ नोंद म्हणजे नावापुढे आकड्यांचा पत्ता: समजा २०३.०.११३.१०. ‘सीनेम’ म्हणजे एका नावापुढे दुसरं नाव, ‘याचं उत्तर त्याला विचारा’. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेल्या नावाला सीनेम चालतो. नुसत्या डोमेनला चालत नाही, कारण जिथे सीनेम असतो तिथे दुसरी कोणतीही नोंद ठेवायला नियमाने बंदी आहे आणि नुसत्या डोमेनपाशी नेमसर्व्हरच्या नोंदी तर असाव्याच लागतात. तुमच्या मेलची नोंदही तिथेच बसते. त्यामुळे नुसत्या डोमेनला ‘ए’ नोंद द्या, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला सीनेम द्या, विषय संपला.

‘एमएक्स’ ही मेलची नोंद. गुगलकडे पूर्वी पाच एमएक्स टाकायला लागायचे, २०२३ पासून नव्या खात्यांना एकच देतात: एसएमटीपी.गुगल.कॉम, प्राधान्य १. तुमच्या जुन्या यादीत पाच असतील तर तेही चालतात, बदलायची गरज नाही. होस्टिंगच्या पॅनेलने स्वतःचा टाकलेला एमएक्स मात्र काढून टाका. तो राहिला तर प्राधान्याच्या आकड्याप्रमाणे सगळेच मेल तिकडे जातील, किंवा काही तिकडे आणि काही इकडे, आणि असला अर्धवट बिघाड शोधायला सगळ्यात वाईट.

एवढं करूनही एक गोष्ट हमखास राहते. सीपॅनेलमध्ये ‘ईमेल रूटिंग’ नावाचं पान आहे. तिथे ‘लोकल मेल एक्स्चेंजर’ निवडलेलं असेल तर तो सर्व्हर समजतो की या डोमेनचे मेल माझेच. मग बाहेरच्या जगाचे मेल व्यवस्थित गुगलला जातात, पण तुमच्याच वेबसाइटवरचा ‘चौकशी करा’ हा फॉर्म कोणी भरला की तो मेल सर्व्हर स्वतःच्याच पोटात टाकतो, एमएक्स बघायला बाहेर येतच नाही. महिनोन्‌महिने लोकांच्या चौकशा अशा गडप होतात आणि मालक म्हणतो वेबसाइटचा काही उपयोग झाला नाही. तिथे ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडा. दोन क्लिकचं काम आहे.

मग ‘टीएक्सटी’, म्हणजे नुसत्या मजकुराच्या नोंदी. एसपीएफ ही एक ओळ असते आणि तिच्यात लिहिलेलं असतं की या डोमेनच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे. तुमचे मेल गुगलही पाठवतो आणि वेबसाइटचा सर्व्हरही, म्हणून दोघांची नावं हवीत, पण एकाच ओळीत. एसपीएफच्या दोन वेगळ्या ओळी टाकल्या तर तपासणारा गोंधळून दोन्ही बाद धरतो. होस्टिंगच्या पॅनेलने आपली एक ओळ आधीच टाकलेली असते आणि लोक गुगलची दुसरी चिकटवतात, ही रोजची चूक. त्या एका ओळीतून पुढे किती ठिकाणी विचारपूस होते यालाही दहाची मर्यादा आहे, त्यामुळे दिसेल ती सेवा तिच्यात कोंबू नका.

डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही तपासायची चावी. ती गुगलच्या अ‍ॅडमिन पानावरून घ्यायची आणि यादीत टाकायची. चावी २०४८ बिटांची असते, मजकूर भलताच लांब. टीएक्सटी नोंदीत एका तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. बरीच पॅनेलं चावीचे तुकडे स्वतः करतात, काही मात्र शेपूट गुपचूप कापून टाकतात आणि ‘सेव्ह झालं’ म्हणून हिरवी खूण दाखवतात. म्हणून सेव्ह केल्यावर नोंद पुन्हा उघडून शेवटची आठ-दहा अक्षरं मूळ चावीशी ताडून बघा. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने जीमेलवर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. एसपीएफ आणि डीकेआयएम यांपैकी काहीच नसलेल्या डोमेनचे मेल स्पॅममध्ये जातात किंवा सरळ परत येतात. तुमची कोटेशनं परवापासून व्यापाऱ्यांच्या स्पॅममध्ये पडत असतील तर नवल नाही, कारण सहीची चावी जुन्या यादीतच राहिली.

आता त्या ४८ तासांबद्दल. ‘डीएनएस पसरायला वेळ लागतो’ असं सगळे म्हणतात, पण कुठेही काही पसरत नसतं. तुमच्या फोनने साइट मागितली की तो प्रश्न तुमच्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरकडे, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरकडे जातो, किंवा तुम्ही ८.८.८.८ ठेवलं असेल तर गुगलच्या. रिझॉल्व्हरला उत्तर माहीत नसेल तर तो वरून खाली विचारत येतो. सर्वांत वर रूट सर्व्हर: त्यांची नावं तेराच, चालवणाऱ्या संस्था बारा, पण जगभर त्यांच्या हजाराहून जास्त प्रती आहेत, मुंबईतही आहेत. रूट सांगतो, डॉट कॉमची चौकशी व्हेरिसाइनच्या (डॉट कॉमची नोंदवही सांभाळणारी कंपनी) सर्व्हरकडे करा. व्हेरिसाइन सांगतो, या डोमेनचे नेमसर्व्हर अमुक. आणि तो नेमसर्व्हर शेवटी यादीतलं उत्तर देतो. हा सगळा फेरा सेकंदाच्या काही शतांश भागात होतो. प्रत्येक उत्तराबरोबर एक मुदत येते, तिला टीटीएल म्हणतात. ती सेकंदांत असते, आणि तेवढा वेळ रिझॉल्व्हर ते उत्तर जपून ठेवतो, पुन्हा विचारत नाही.

तुमच्या यादीतल्या नोंदीची मुदत तुम्ही ठरवता: ३०० म्हणजे पाच मिनिटं, ३,६०० म्हणजे तास, ८६,४०० म्हणजे दिवस. पण ‘या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते’ या उत्तराची व्हेरिसाइनकडची मुदत १,७२,८०० सेकंद आहे. भागून बघा, बरोबर दोन दिवस. ४८ तास हा आकडा हवेतून आलेला नाही. तो नेमसर्व्हर बदलण्याला लागू होतो. नुसती एखादी नोंद बदलली तर तिच्या स्वतःच्या टीटीएलएवढाच वेळ. होस्टिंगच्या मदतकेंद्रातली मुलं मात्र कशालाही ४८ तास सांगतात, कारण ४८ तासांत ग्राहकाचा राग निवतो आणि त्यांची शिफ्टही संपते.

यावरून कळेल की मुळात काय करायला हवं होतं. फक्त वेबसाइट हलवायची होती, मेल नव्हता हलवायचा. मग नेमसर्व्हरला हातच लावायचा नाही. जुन्याच यादीत ‘ए’ नोंदीचा टीटीएल आधी ३०० करायचा, जुनी मुदत उलटेपर्यंत थांबायचं, आणि मग नवा पत्ता टाकायचा. पाच-दहा मिनिटांत सगळे नव्या साइटवर, मेलच्या केसालाही धक्का नाही. होस्टिंगवाले नेमसर्व्हर बदलायला का सांगतात? त्यांना ते सोपं जातं. पुढे सर्व्हर बदलला तर त्यांच्या यादीत ते परस्पर पत्ता बदलू शकतात. त्यांच्या बाजूने ते चूक नाही, पण ज्यांचा मेल दुसरीकडे आहे त्यांना आधी एक प्रश्न विचारायला काय हरकत असते?

नेमसर्व्हर बदलणं योग्य केव्हा? यादी ठेवायला म्हणून वेगळी, चांगली सेवा घेतलीत तर. ट्रॅफिक जास्त असलेल्या साइटना ते उपयोगी पडतं. अशा सेवा जुन्या नोंदी शोधून आपणहून भरून घेतात, पण सगळ्या सापडतातच असं नाही. डीकेआयएम तर बऱ्याचदा निसटतो.

कोणाच्या मोबाइलवर जुनी आणि कोणाच्या नवी साइट, याचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. पण पुतण्याच्या लॅपटॉपवर पहिल्या मिनिटापासून नवी साइट दिसत होती असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण बहुधा वेगळं आहे. प्रत्येक संगणकावर ‘होस्ट्स’ नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात नाव आणि पत्ता लिहिला की संगणक बाहेर विचारतच नाही. ही फाइल फार जुनी आहे. डीएनएस १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलं. त्याआधी जोडलेल्या सगळ्या संगणकांच्या नावांची एकच फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. संगणक वाढले, तसं ते झेपेना. तिचंच पिल्लू आजही तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे, आणि साइट खुली करण्याआधी नव्या सर्व्हरवर तपासून बघायला ते फार कामाचं. मात्र काम झाल्यावर ती ओळ काढायची असते. नाही काढली तर पुढच्या वर्षी सर्व्हर बदलल्यावर सगळ्या जगाला साइट दिसेल आणि एकट्या पुतण्याला दिसणार नाही.

स्वतः तपासायचं असेल तर विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत एनएसलुकअप, मग जागा सोडून तुमचं डोमेन, पुन्हा जागा सोडून ज्याला विचारायचं त्याचं नाव किंवा पत्ता. आधी नव्या नेमसर्व्हरला विचारा, मग जुन्याला, मग ८.८.८.८ ला, मग १.१.१.१ ला (हा क्लाउडफ्लेअर कंपनीचा रिझॉल्व्हर). नेमसर्व्हरचं उत्तर बरोबर असेल आणि बाकीच्यांचं जुनं असेल तर खुशाल थांबा, ती नुसती मुदत उलटण्याची बाब आहे. नेमसर्व्हरच चुकीचं सांगत असेल तर वर्षभर थांबलात तरी काही होणार नाही. उत्तरात ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह’ असं आलं तर घाबरू नका, याचा अर्थ उत्तर साठवलेलं आहे, एवढाच. मेलच्या नोंदीसाठी मध्ये टाइप बरोबर एमएक्स असं जोडायचं.

आणखी एक कारण असतं, आणि ते भल्याभल्यांना चकवतं. पत्त्याची नवी पद्धत आयपीव्ही६, तिची नोंद ‘चार ए’ (पॅनेलमध्ये एएएए). जुन्या यादीत जुन्या सर्व्हरची चार-ए नोंद असेल आणि तुम्ही फक्त ‘ए’ बदललीत, तर आयपीव्ही६ वर चालणाऱ्यांना जुनीच साइट दिसत राहील, आणि ती ४८ तासांनीच काय, ४८ दिवसांनीही बदलणार नाही. जिओचं जाळं बहुतांशी आयपीव्ही६ वर चालतं. म्हणजे दुकानातल्या ब्रॉडबँडवर नवी साइट आणि जिओच्या फोनवर जुनी, असं दिसलं की आधी ही नोंद शोधा. नव्या होस्टिंगने आयपीव्ही६ पत्ता दिला नसेल तर ती सरळ काढून टाका.

यादी नीट झाली तरी सर्व्हरला तुमचं नाव माहीत हवं. शेअर्ड होस्टिंगमध्ये एका पत्त्यावर शेकडो साइटी असतात. ब्राउझर दारात आला की सांगतो, मला अमुक नावाची साइट हवी, आणि सर्व्हर त्या नावाच्या फोल्डरमधून पान काढून देतो. पॅनेलमध्ये डोमेन जोडलेलं नसेल तर तो कंपनीचं जाहिरातीचं पान दाखवतो, किंवा दुसऱ्याच कोणाची साइट. चादरींच्या नावाखाली दाताच्या दवाखान्याची साइट उघडलेली मी पाहिलेली आहे. हॅकिंग वगैरे काही नसतं त्यात.

एसएसएल प्रमाणपत्राचंही (ब्राउझर आणि साइटमधली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं) असंच. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ते फुकट देते, मुदत ९० दिवस, आणि पॅनेल ते आपोआप नवं करत राहतं. पण प्रमाणपत्र देण्याआधी ती संस्था तुमच्या नावाने येऊन सर्व्हरवर ठेवलेली एक फाइल वाचून बघते. नाव जुन्या सर्व्हरकडे जात असेल तर फाइल सापडत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ब्राउझर लोकांना ‘सुरक्षित नाही’ म्हणून घाबरवतो. म्हणून नाव नव्या सर्व्हरवर नीट वळल्यावर पॅनेलमध्ये जाऊन एसएसएलची तपासणी एकदा हाताने चालवा. वर सांगितलेली जुनी चार-ए नोंद इथेही आडवी येते, कारण तपासणारा आयपीव्ही६ असेल तर आधी तिकडेच जातो. कोणी फोनवर एसएसएलसाठी हजारो रुपये मागितले तर तुमच्यासारख्या दुकानाने देण्याची गरज नाही.

होस्टिंग कोणतं घ्यावं यावर लोक तासन्‌तास बोलतात. तुमच्या साइटला चाळीसेक पानं आणि टॉवेलचे फोटो आहेत. साधं शेअर्ड होस्टिंग पुरे, सर्व्हर भारतात असला तर चांगलं, बॅकअप रोज होतो का आणि तो तुम्हाला स्वतःला उतरवता येतो का एवढं विचारा. फोटो कॅमेऱ्यातून काढले तसे पाच-पाच एमबीचे चढवले तर कोणतंही होस्टिंग संथच चालेल.

खरी काळजी मला नोंदणीची वाटते. डोमेन कोणाच्या नावावर आहे? जमीन तुम्ही कसत असलात तरी सातबाऱ्यावर नाव भलत्याचं असेल तर जो त्रास होतो, तोच इथे होतो. पाच वर्षांपूर्वी साइट करणाऱ्याने स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतलं असेल तर कागदोपत्री मालक तो आहे, पैसे कोणी दिले याला किंमत नाही. डॉट कॉमच्या मालकाचा तपशील आता जाहीर शोधात बहुधा लपवलेला असतो, म्हणून नोंदणी कंपनीच्या खात्यात शिरूनच बघा. नाव दुकानाचं किंवा तुमचं करून घ्या, मोबाइल नंबर तुमचा, आणि संपर्काचा ईमेल मात्र याच डोमेनचा ठेवू नका. परवासारखा मेल बंद पडला की पासवर्ड बदलायचा मेलही त्याच बंद पेटीकडे जातो आणि तुम्ही दाराबाहेर. साधा जीमेल द्या. तो बदलल्यावर पडताळणीचा मेल येईल, त्यावर क्लिक करायला १५ दिवस मिळतात. केलं नाही तर डोमेन स्थगित होतं, आणि लोक होस्टिंगवाल्याशी भांडत बसतात.

मुदत चुकली तर काय होतं? डॉट कॉमच्या बाबतीत मुदत संपल्यावर कंपनीनुसार जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं, पण साइट आणि मेल त्याआधीच बंद पाडतात. त्यानंतर ३० दिवस सोडवून घ्यायला मिळतात, तेव्हा दंड जबर असतो. मग पाच दिवस नाव पुसण्याच्या रांगेत जातं, त्या काळात कोणालाच काही करता येत नाही, आणि शेवटी जो आधी येईल त्याचं. मोठ्यांच्याही हातून हे होतं. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टने आपल्या पासपोर्ट सेवेच्या डोमेनचे पैसे भरले नव्हते, हॉटमेल अडलं, आणि एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते सुरू करून दिलं.

‘ऑटो रिन्यू’ चालू आहे म्हणून निवांत राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून परस्पर पैसे कापायला ई-मॅन्डेट, म्हणजे तुम्ही बँकेत आधी नोंदवलेली परवानगी लागते. परदेशी कंपनीसाठी ती नोंदवलेली नसेल तर पैसे कापले जात नाहीत आणि त्यांचा इशाऱ्याचा मेल जातो कुठे, तर ज्या पेटीकडे कोणी बघत नाही तिथे. एकदम पाच वर्षांचे भरा, डॉट कॉमला दहा वर्षांपर्यंत भरता येतात.

होस्टिंगवाला आता म्हणेल, डोमेनही आमच्याकडे आणा, एक वर्ष फुकट. नको. होस्टिंग बदलायचा प्रसंग दर दोन-तीन वर्षांनी येतोच, आणि भांडण झालं की डोमेनही त्यांच्या ताब्यात असणं बरं नव्हे. वेगळं ठेवा. कधी न्यायचंच झालं तर नोंदणी कंपनीकडून गुप्त कोड मिळतो, आणि एकदा नेलं की पुढचे ६० दिवस बहुधा पुन्हा हलवता येत नाही.

तुम्ही जाता जाता डॉट इन आणि डॉट भारतचं विचारलंय. डॉट इन घ्या, स्वस्त आहे, दुसऱ्या कोणी तुमच्या नावावर दुकान थाटायला नको. ते निक्सी ही संस्था चालवते. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं, त्यात पूर्ण मराठी नाव घेता येतं आणि ते बघायला छान वाटतं. आतमध्ये मात्र डीएनएसला रोमन अक्षरंच कळतात, त्यामुळे ‘भारत’ तिथे ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असं साठवलं जातं. ब्राउझर ते पुन्हा देवनागरीत दाखवतो, पण अनेक फॉर्म आणि मेल सेवा अजूनही असा पत्ता घेत नाहीत. म्हणून घ्यायचं तर घ्या, ते मुख्य साइटकडे वळवा, बिलबुकावर ईमेल मात्र डॉट कॉमचाच छापा.

आजचं काम एवढंच: जुन्या यादीचे स्क्रीनशॉट, नव्या यादीत एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएम, पॅनेलमध्ये रिमोट मेल, मग एनएसलुकअप. बाहेरच्या कोणाच्या तरी याहू किंवा आउटलुकच्या खात्यावरून स्वतःला मेल करून बघा, आणि वेबसाइटचा फॉर्मही भरून बघा, दोन्ही वेगळ्या वाटांनी येतात. जुन्या साइटचं होस्टिंग लगेच बंद करू नका. महिनाभर राहू द्या, डेटाबेसची एक प्रत उतरवून घ्या, आणि तिथे कोणाची जुनी मेलपेटी राहिलेली नाही ना, ते बघून मगच खातं बंद करायला सांगा.